गादी, काउंटर आणि सरकता जिना

शिरवळ, खंडाळा, भोर या पट्ट्यात लग्न ठरले, याद्या झाल्या की पाठोपाठ प्रश्न येतो : बस्ता कुठे बांधायचा? साताऱ्यात, फलटणला की पुण्यात? बहुतेक घरांत पुण्याचे नाव निघते. शिरवळ ते पुणे अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि लक्ष्मी रस्त्यावर एकदा शिरले की मानपानाच्या साड्यांपासून नवरदेवाच्या फेट्यापर्यंत सगळे एका दिवसात उरकते. भाड्याची गाडी ठरते, दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, दशमी-चटणीचा डबा सोबत असतो.

पूर्वी अशा दुकानात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत पांढरीशुभ्र गादी, टेकायला लोड, समोर मांडी घालून बसलेला विक्रेता. ‘ताई, घेऊ नका हवं तर, नुसतं बघून घ्या,’ म्हणत तो घडीमागून घडी मोडायचा. मागच्या कपाटांत काय आहे ते फक्त त्याला ठाऊक. गिऱ्हाइकाने ‘जरा हलक्यातलं दाखवा’ म्हटले की त्याने नजरेने कुटुंबाची ऐपत जोखायची आणि तेवढ्याच साड्या खाली काढायच्या. चहा यायचा, आजीबाईंना पाणी मिळायचे, आणि घासाघीस करून भाव ठरायचा.

आज त्याच रस्त्यावर काचेचे दार ढकलून आत शिरावे लागते. थंडगार हवा, डोळे दिपवणारा उजेड, मजल्यामजल्यावर वेगळा माल, प्रत्येक कपड्याला किमतीची चिठ्ठी. काही दुकानांनी वरच्या मजल्यावर गादी अजून जपून ठेवली आहे, कारण शालू आणि पैठणी उभ्याने घेतली जात नाही हे त्यांना कळते. बाकी ठिकाणी मात्र माल हँगरवर आणि मांडण्यांवर उघडा आहे. कोणालाही न विचारता तो हातात घ्यावा, उलटसुलट करून पाहावा, परत ठेवावा.

हा बदल नुसत्या सजावटीचा नाही. दुकानाच्या इमारतीचा सगळा इतिहास दोन अंतरांत मावतो : गिऱ्हाइकाचा हात मालापासून किती लांब, आणि माणूस दारापासून किती लांब. गेल्या दीडशे वर्षांत पहिले अंतर जवळजवळ संपले. दुसरे मात्र मधूनमधून वाढत गेले. या प्रकरणात आपल्याला दोन्ही पाहायची आहेत.

सुरुवात पुण्याच्या मंडईपासून करू. एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल सगळे बसणाऱ्यांच्या डोक्यावर. नगरपालिकेने बांधीव मंडई उभारायचे ठरवले आणि १८८६ साली ती खुली झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. मध्ये उंच अष्टकोनी मनोरा, त्यातून चहूकडे फुटलेले छपराचे हात, खाली ओळीने ओटे. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केले.

त्या काळी जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा एका इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. हा विरोध बांधकामाचे काही न कळणाऱ्या माणसाचा नव्हता. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते. त्यांच्या पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीने येरवड्याच्या पुलाचे आणि कात्रजच्या बोगद्याचे काम केले होते. शिरवळची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्या जुन्या घाटाने पुण्यात उतरली, तोच हा कात्रजचा बोगदा. आणि त्यांच्या सहचारिणी सावित्रीबाई यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावचा, म्हणजे शिरवळच्या शेजारचाच. तेव्हा दगड-चुन्याचा खर्च म्हणजे काय, आणि त्याच पैशात किती शाळा चालतात, हे दोन्ही हिशेब त्या घरात पक्के होते. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

माझ्या मते जोतीरावांचा प्रश्न आजही प्रत्येक बाजारइमारतीला विचारायला हवा : हा खर्च कोणाच्या कामी येतो? मंडईपुरते उत्तर द्यायचे तर ती इमारत पुढे विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या फार उपयोगी पडली. तिला राखण करणारे एकच मोठे दार नाही. कोणत्याही बाजूने आत शिरता येते. विकणाऱ्याला ओटा मिळतो, डोक्यावर छप्पर मिळते, उंच छपरामुळे वारा खेळता राहतो आणि पालेभाजी दुपारपर्यंत तग धरते. वांगे हातात घेऊन दाबून पाहता येते. हात आणि माल यांच्यात काही अडथळा नाही, माणूस आणि दार यांच्यातही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे ही मंडई चालते आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचे भुयारी स्थानकही तिच्या नावाने सुरू झाले.

किराणा दुकानाची गोष्ट वेगळी. तिथे माल पोत्यांत, डब्यांत, बरण्यांत. मध्ये काउंटर. गिऱ्हाइकाने यादी वाचायची, दुकानातल्या पोऱ्याने वजन करायचे, पुड्या बांधायच्या. तूरडाळ कोणत्या पोत्यातली निघाली हे घरी पुडी सोडल्यावर कळायचे. उधारीची वही हा या व्यवस्थेचा मोठा गुण होता आणि मोठी अडचणही. ज्याच्या नावावर थकबाकी असेल त्याला काउंटरपलीकडून जे मिळेल ते निमूट घ्यावे लागे.

हा काउंटर प्रथम मोडला तो अमेरिकेत. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले. गिऱ्हाइकाने फिरत्या फाटकातून आत यायचे, टोपली घ्यायची, ठरवून दिलेल्या वाटेने सगळ्या मांडण्यांसमोरून जायचे आणि शेवटी पैसे भरून बाहेर पडायचे. आजच्या प्रत्येक सुपरमार्केटचा नकाशा त्या दुकानातून निघाला. चाकांची ढकलगाडी १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन याने आणली. टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो, हे त्याच्या लक्षात आले होते.

पण नुसता काउंटर काढून भागत नाही. माल आधीच वजन करून बांधलेला हवा, आणि भाव बोलून ठरायचा नसून छापलेला हवा. पॅरिसच्या ‘बॉन मार्शे’मध्ये आरिस्तीद बुसिको याने १८५२ नंतर ठरलेल्या किमतीची पद्धत रुजवली. आपल्याकडे १९९० साली पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली रोजच्या बोलण्यातली ‘एमआरपी’, छापणे बंधनकारक झाले. १९७४ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा यंत्राने पहिल्यांदा दुकानात वाचल्या, आणि बिल करणाऱ्याला भाव पाठ असण्याची गरज संपली. पाकीट, छापील भाव आणि रेघा या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच काउंटरशिवाय चालणारी मोठी इमारत शक्य झाली.

महाराष्ट्रात या वाटेवर पहिली पावले खाजगी कंपन्यांनी नव्हे, सहकाराने टाकली, हे विसरू नये. १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांची ग्राहक सहकारी संस्था निघाली. तीच पुढे ‘अपना बाजार’. १९६८ साली तिने एकाच छताखाली सगळा माल देणारे भांडार उघडले, आणि त्याच वर्षी ‘सहकारी भांडार’ही सुरू झाले. दक्षिण महाराष्ट्रात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणा परिसरातला ‘वारणा बाजार’ तर खेड्यापर्यंत पोचला. शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने मांडणीवरून साबण उचलला, तो प्रथम या सहकारी भांडारांत.

पुढचा टप्पा भांडवलाचा. १९९१ साली अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’, १९९९ साली हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ मॉल, २००२ साली पवईत ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान. यातल्या ‘क्रॉसरोड्स’ची एक हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या गर्दीला आवर घालण्यासाठी तिथे मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्याला आत सोडत, बाकीच्यांना प्रवेशशुल्क मागत. त्या वेळी या दोन्ही वस्तू फार थोड्यांकडे होत्या. लोकांनी हरकत घेतली आणि ही अट मागे घ्यावी लागली. आत माल पूर्वी कधी नव्हता इतका हाताजवळ, आणि दार पूर्वी कधी नव्हते इतके लांब. आज तशी अट कुठे नाही. तरी काचेच्या दारापाशी गणवेशातला रखवालदार पाहून धोतर-टोपीतली माणसे अजून क्षणभर थबकतात. इमारत बोलत नाही, पण कोणाला या म्हणते आणि कोणाला नाही, हे माणसाला बरोबर कळते.

आता इमारत आतून पाहू. अशा इमारतीचे खांब पाहावे. दोन खांबांमधले अंतर बहुधा आठ ते नऊ मीटर असते. हा आकडा दुकानांच्या सोयीइतकाच तळघरातल्या गाड्यांवरून ठरतो : दोन खांबांच्या मध्ये तीन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहायला हव्यात. म्हणजे वरच्या मजल्यावर साड्यांचा विभाग किती रुंद असावा हे बऱ्याच अंशी खालच्या पार्किंगने ठरवलेले असते.

मग वर चढण्याचा प्रश्न. माणूस खरेदीसाठी पायऱ्या चढायला नाखूश असतो, म्हणून शेकडो वर्षे दुकान तळमजल्यावर आणि राहणे वर, अशीच घरे बांधली गेली. पेठेतले वाडे आठवा. हे बदलले ते लिफ्टमुळे, आणि माणसांसाठीची ओटिसची पहिली लिफ्ट १८५७ साली न्यूयॉर्कमध्ये बसली तीही एका दुकानातच, हॉवौट यांच्या काचसामानाच्या पाच मजली दुकानात. सरकता जिना चाळीसेक वर्षांनी आला. लंडनच्या ‘हॅरड्स’मध्ये १८९८ साली तो बसवला तेव्हा वर पोचून घाबरलेल्या गिऱ्हाइकांना सावरायला ब्रँडी देत असत.

लिफ्टपेक्षा सरकता जिना दुकानदाराला प्रिय, याला कारण आहे. लिफ्ट माणसाला बंद पेटीतून नेते. जिना त्याला माल दाखवत नेतो. त्याचा चढ बहुधा तीस अंशांचा, वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर, आणि मीटरभर रुंदीचा जिना तासाला सहा हजारांच्या आसपास माणसे वाहू शकतो. एक जिना संपतो तिथेच दुसरा लागत नाही, असे पुष्कळ इमारतींत दिसेल. पुढच्या जिन्यापर्यंत मजल्याला वळसा घालावा लागतो. तो वळसा मुद्दाम ठेवलेला असतो. दूध, अंडी, साखर या रोजच्या वस्तू दुकानाच्या अगदी आतल्या टोकाला असण्याचेही कारण हेच.

नऊवारी नेसलेल्या आजींना घेऊन जाणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. जिन्याच्या दोन्ही कडांना पायरीलगत ब्रशची पट्टी असते. ती बूट पुसायला नाही. साडीचा काठ, चपलेचा पट्टा कडेच्या फटीत जाऊ नये म्हणून ती बसवलेली आहे. ओचा आणि पदर सावरून पायरीच्या मधोमध उभे राहावे. जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाल बटण असते. कोणाचे काही अडकले तर ते दाबायचे, जिना जागीच थांबतो. हे बटण कुठे आहे ते चढण्याआधी पाहून ठेवावे.

काचेच्या दर्शनी भिंतीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. जुन्या पेठेतल्या दुकानाला पुढे ओसरी असे, वर पत्र्याची किंवा ताडपत्रीची झाप, आणि रात्री लाकडी फळ्या एकामागोमाग एक बसवून दुकान बंद होई. फळ्या काढल्या की सगळी दर्शनी बाजू रस्त्याला मोकळी. आजची काच पश्चिमेला असेल तर दुपारनंतर ऊन आत घेते आणि उष्णता आतच राहते. ती बाहेर काढायला वातानुकूलन, त्याला वीज, आणि यंत्रांची गरम हवा पुन्हा रस्त्यावर चालणाऱ्यांच्या अंगावर. दुहेरी काच, उष्णता परतवणारा लेप, उन्हापुढे खोल सज्जा असे उपाय आहेत. पण सज्जा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरलेला. आपल्या हवेत सज्जा नसलेली काचेची दुकानइमारत बांधणे ही चूक आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

काचेचा दुसरा दोष जीवघेणा आहे. बंद काचेच्या आत आग लागली की धूर बाहेर पडत नाही, आणि मजल्यांना जोडणारा मधला मोकळा चौक त्याला थेट वर नेतो. २२ ऑक्टोबर २०२० च्या रात्री मुंबईत नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. ती विझवायला दोन दिवसांहून अधिक काळ झुंजावे लागले, आणि शेजारच्या उंच इमारतीतल्या सुमारे साडेतीन हजार रहिवाशांना हलवावे लागले. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार अशा इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते ‘बी’ नमुन्यात असते. ग्राहक म्हणून ते पाहायला मागण्यात काहीच संकोच वाटू नये. आणि आगीच्या वेळी उपयोगाचा असतो तो साधा, भिंतींनी बंदिस्त जिना. लिफ्टही नाही, सरकता जिनाही नाही. दुर्दैवाने पुष्कळ दुकानांत त्याच जिन्यावर मालाची खोकी रचलेली दिसतात.

आणखी एक गोष्ट गादीबरोबर गेली : बसणे. गादीच्या दुकानात घेणारा बसे आणि विकणाराही बसे. नव्या इमारतीत दोघेही उभे. गिऱ्हाईक तासा-दोन तासांनी निघून जाते, पण विभागात नेमलेल्या मुली दहा-दहा तास उभ्या राहतात. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजाररस्त्यावर कापडदुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथे कामाच्या जागी बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. या दुकानांतून शिरवळ-खंडाळ्याकडच्या मुलीही कामाला असतात. त्यांच्यासाठी प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल ठेवायला नवा मजला बांधावा लागत नाही.

रस्त्याचा विचारही इमारतीबरोबर करावा लागतो. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात. त्या दिवशी रस्त्याचा भाग वाहनांना बंद असतो आणि माणसे मधोमध चालतात. त्या दिवशी तिथे गेले की कळते, दुकाने किती सुंदर आहेत आणि एरवी ती पाहायला मान वर करण्याचीही सोय नसते.

आता शिरवळ. हे गाव बाजाराला नवीन नाही. नीरेच्या काठी, पुण्याहून दक्षिणेला जाणाऱ्या वाटेवर ते पूर्वापार वसले आहे. सुभानमंगळ हा इथला भुईकोट १६४८ साली विजापूरकरांकडून शिवाजी महाराजांचे सरदार कावजी मल्हार यांनी परत घेतला, तो या वाटेवरचे नाके म्हणूनच मोलाचा होता. आज नाके गेले, महामार्ग आला, कारखाने आले. गोदरेजच्या शिरवळच्या कारखान्यात फ्रीज तयार होतात, तालुक्यात एशियन पेंट्सचा मोठा कारखाना २०१३ पासून चालू आहे. म्हणजे शहरातल्या शोरूममध्ये उभा असलेला फ्रीज आणि तिच्या भिंतीवरचा रंग, दोन्ही इथून गेलेले असू शकतात. कारखान्यांबरोबर पगारदार माणसे आली, आणि त्यांच्यामागे महामार्गालगत गाळ्यांची, काचेची, मजल्यावर मजला चढवलेली दुकानसंकुले उभी राहू लागली. लवकरच बस्त्यासाठी कात्रज ओलांडायची गरज उरणार नाही. हे चांगलेच आहे.

मात्र बांधणाऱ्यांनी शहरातल्या इमारतींचे चुकलेले नमुने जसेच्या तसे उचलू नयेत. शिरवळमध्ये जुनी दगडी पाणपोई आहे, यादवकाळातली मानली जाणारी. व्यापारी वाटेवर बांधलेली ती इमारत काहीच विकत नाही. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळे आणि सावलीत टेकता येई. वाट चालणाऱ्या कोणालाही तिचे दार बंद नव्हते, कारण तिला दारच नव्हते. महामार्गावर दुकानसंकुल बांधणाऱ्याला याहून जवळचा धडा शोधावा लागणार नाही.

म्हणून शिरवळमध्ये, आणि शिरवळसारख्या वाढणाऱ्या प्रत्येक गावात, जे संकुल बांधत आहेत, गाळा घेत आहेत किंवा नगररचनेच्या मंजुरीवर सही करत आहेत, त्यांना आग्रहाची विनंती आहे. दर्शनी काचेवर सज्जा काढा. चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा, बारा फुटांत एकच फूट चढणारा उतार दारापाशी द्या. बाहेर पडायचा बंदिस्त जिना मोकळा ठेवा. खरेदी केली नाही तरी वापरता येईल असे पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह तळमजल्यावर ठेवा. आणि आठवड्याच्या बाजाराला पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवालीसाठी इमारतीच्या पुढच्या बाजूला छपराखाली चार ओटे बांधून द्या.